किल्ली कुठे टांगली होती? नववी-दहावीला कायदा शिकवताना

मूलभूत कर्तव्यं अकरा. दहा १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली, अकरावं २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने. हे फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात, तेवढीच द्या. उरलेला वेळ वर्गातल्या एका लुटुपुटूच्या खटल्याला आणि माहिती अधिकाराच्या एका अर्जाला. या वयात कलमं भराभर पाठ होतात, पण कायदा डोक्यात शिरतो तो पुरावा मागायची सवय लागल्यावर.

खटला स्कूटरचा घ्या. इंदुरात ट्यूशनच्या कुठल्याही गल्लीत पंधरा वर्षांची मुलं ११० सीसीची गाडी घेऊन येतात, त्यामुळे प्रस्तावना लागत नाही. सोळा पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालते, तीही लायसन्स काढून; बाकी दुचाकींना अठरा. अल्पवयीनाने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

बहुतेक वर्गांची पहिली चूक इथेच होते: पिंजऱ्यात मुलाला उभं करतात. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि त्याची ओळख उघड करायलाही बंदी आहे. तुमच्या खटल्यातला आरोपी म्हणजे बाबा. एरवी गुन्हा शाबीत करणं सरकार पक्षाचं काम असतं, इथे ओझं उलटं आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो घडू नये म्हणून आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे बाबांनी दाखवायचं. म्हणून सगळी सुनावणी फिरते ती किल्लीभोवती.

हकिकतीचं एक पान तीन दिवस आधी वाटा. त्यात मोजक्या गोष्टी असाव्यात: किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर असते, बाबा आठला ऑफिसला निघतात, साडेआठला मुलाने भाजीच्या हातगाडीला धडक दिली, शेजारच्या काकू म्हणतात, तो रोज दूध आणायला स्कूटरच नेतो. काकूंना हे सकाळी दिसतं की संध्याकाळी, ते मुद्दाम लिहू नका. उलटतपासणीला तेवढी फट हवी. गल्लीत खरोखर घडलेलं प्रकरण मात्र घेऊ नका, वर्गात त्याच घरातलं कोणी बसलेलं निघतं.

तीन न्यायाधीश, दोन्ही बाजूंना दोन-दोन वकील, एक पेशकार (कोर्टाचा कारकून) आणि चारच साक्षीदार: हातगाडीवाला, हवालदार, काकू, बाबा. दर साक्षीदाराला सरतपासणीची (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांची) तीन आणि उलटतपासणीची तीन मिनिटं. शेवटी प्रत्येक बाजूला युक्तिवादाची पाच. चाळीस मिनिटांच्या तासात हे बसत नाही. सलग दोन तास मागून घ्या, किंवा मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात दीड तास ठेवा. उरलेल्या मुलांना प्रेक्षक करू नका, प्रत्येकाने एक पानी निकाल लिहायचा. सिनेमामुळे हातोडा आणि आरडाओरडा येणारच, पहिल्याच मिनिटाला थांबवा. त्याहून त्रासदायक चूक म्हणजे वकिलाने आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणं: ‘किल्ली तुम्ही लपवून ठेवली होती ना?’ असा सूचक प्रश्न उलटतपासणीत चालतो, सरतपासणीत नाही. न्यायाधीशांना हा एक नियम आधी शिकवलात तरी खटला उभा राहतो.

जुन्या वह्या तपासून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे, खुनाचं ३०२ आता १०३ झालं.

आपल्याकडची, म्हणजे इंदूरची, एक खास अडचण भाषेची. चर्चा मराठीत, कागद हिंदीत. मराठीतली शिक्षा हिंदीत शिक्षण होते, दंड म्हणजे केवळ पैसे राहत नाहीत, आणि कोर्टातला ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडणं नव्हे, तडजोड. नगरसेवकाला पार्षद म्हणायचं. अशा शब्दांचा तक्ता भिंतीवर लावा.

आता अर्ज. इंदूरच्या ८५ वॉर्डांपैकी मुलांचे वॉर्ड कोणते, हे आधी त्यांनाच शोधू द्या. निम्म्यांना माहीत नसतो. मग बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा किंवा तुंबलेलं गटार निवडून महापालिकेच्या (इथल्या भाषेत नगर निगमच्या) ३११ अ‍ॅपवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दोन आठवड्यांत काम झालं नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नगर निगमच्या लोक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कारण सांगावं लागत नाही. अर्ज शिक्षकाच्या नावाने आणि शाळेच्या पत्त्यावर द्या, मुलांचे घरचे पत्ते कागदावर नकोत.

मुलांचा पहिला मसुदा हमखास असा येतो: ‘दिवा अजून का दुरुस्त केला नाही?’ हा अर्ज वाया जातो. कायदा दप्तरी असलेली माहिती देतो; नोंदीत नसलेलं कारण तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही. तीच गोष्ट अशी मागा: ‘अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत’, ‘वॉर्ड अमुकमध्ये १ एप्रिल ते ३० जून या काळात दिव्यांबाबत आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत’. तारखा, वॉर्ड, कागदाचं नाव, या तिन्ही गोष्टी प्रत्येक मुद्द्यात हव्यात. तीनपेक्षा जास्त मुद्दे घेऊ नका. प्रत्येकाने मसुदा शेजाऱ्याला द्यावा आणि शेजाऱ्याने ‘का’ दिसला की खोडावा.

तक्रारीचे दोन आठवडे आणि उत्तराचे तीस दिवस धरले तर सत्र सुरू होताच तक्रार गेली पाहिजे. परीक्षेच्या तोंडावर सुरू केलंत तर उत्तर सुट्टीत येतं. ३० दिवसांत काही आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. उत्तराचे ते ३० दिवस अर्ज पोचल्याच्या तारखेपासून मोजायचे आणि अपिलाचे त्यानंतर, म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.