माडीच्या जुन्या लाकडी सज्ज्याची दुरुस्ती

पाऊस ओसरला की कोकणातल्या जुन्या घरांच्या माडीवर बांधलेल्या झडी, म्हणजे पावसाचा मारा अडवणारे पडदे, सोडल्या जातात आणि चार महिने झाकलेला लाकडी सज्जा उजेडात येतो. कुठे फळी पायाखाली लवते, कुठे कठड्याचा कोपरा हलतो, आणि सुताराला निरोप जातो की येऊन फळ्या बदलून द्या. माझ्या मते चूक इथेच होते. फळी ही सज्ज्यातली सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू आहे. ती का कुजली आणि तिच्याखालची तुळई भिंतीत शिरते तिथे काय चालले आहे, हे त्याआधी पाहायला हवे. आमच्या घरी उत्तम सागाच्या फळ्या घातल्या होत्या, पण दुसऱ्याच पावसाळ्यानंतर खिळे वर आले, कारण ते धरून ठेवायला खाली लाकूडच उरले नव्हते.

तपासणीला एक जाड पेचकस, हातोडी आणि टॉर्च एवढे पुरते. पेचकसाचे टोक लाकडात तिरके खुपसून वर उचलावे. लाकूड धड असेल तर टोक फारसे आत जात नाही आणि लांब, चिवट सळपट निघते. कुजलेले असेल तर आखूड तुकडा बिस्किटासारखा मोडून येतो. हातोडीने ठोकल्यावर भरीव लाकूड टणटणीत वाजते आणि पोकळ लाकडाचा भद्द आवाज येतो. ही परीक्षा तीन ठिकाणी न चुकता करावी: तुळई चिऱ्याच्या भिंतीत शिरते तिथे, फळ्यांखाली झाकलेल्या तुळईच्या वरच्या अंगाला आणि कठड्याच्या खांबांच्या बुडाशी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकटीचौकटींच्या भेगा पडल्या असतील तर ती बुरशीची कूज. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वाळवी जमिनीतून भिंतीवाटे वर चढते आणि तिचा बंदोबस्त भिंतीच्या पायथ्याशी करावा लागतो, तर कूज ओलावा तोडल्यावर थांबते. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी वाढत नाही.

म्हणून पहिले काम पाण्याचे. फुटलेले किंवा सरकलेले मंगलोरी कौल बदलावे, पागोळ्या कठड्यावर पडत असतील तर पन्हळ लावावी. भिंतीत शिरणाऱ्या तुळईभोवती कोणी सिमेंट थापून ठेवले असेल तर ते हलक्या हाताने काढून टाकावे. घट्ट सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि तुळईचे टोक बाहेरून धड दिसत असताना आतून भुगा होते. तुळईच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाशी बोटभर मोकळी जागा ठेवून हवा खेळू द्यावी आणि आसपासचे दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, चुन्याने भरावेत.

फळ्या उचकटण्यापूर्वी सज्ज्याला खालून टेकू द्यावेत. टेकूखाली रुंद फळी असावी, म्हणजे तो अंगणाच्या मातीत रुतणार नाही, आणि वर पाचर हळूहळू ठोकावी. सज्जा वर उचलायचा नसून केवळ धरून ठेवायचा आहे.

आता तुळईकडे वळू. कूज फक्त बाहेरच्या टोकाला असेल, तर तेवढा भाग छाटून जोड देता येतो. भिंतीजवळ असेल तर मात्र तिथे जोड देऊ नये. भिंतीबाहेर झुलणाऱ्या तुळईवर सर्वांत जास्त ताण नेमका भिंतीच्या कडेला येतो, त्यामुळे तिथला सांधा कितीही सुबक असला तरी तो कमजोर दुवाच ठरतो. अशा वेळी जुन्या तुळईला खेटून तेवढ्याच मापाची नवी तुळई घालावी, ती बाहेर जितकी येते त्याच्या किमान दुप्पट माडीच्या आत न्यावी आणि दोन्ही बोल्टांनी आवळाव्यात. तुळईची तिसरा हिस्सा जाडी गेली असेल किंवा एकापेक्षा जास्त तुळया खराब असतील, तर बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा माझा ठोकताळा आहे.

नव्या कामाला साग, किंजळ किंवा ऐन चालतो, पण गाभ्याचा. सागाच्या नावावर बाहेरची पांढरट कच (सालीलगतचे कच्चे लाकूड) खपवली जाते आणि ती आंब्याच्या फळीइतक्याच लवकर कुजते. परड्यातला साग वापरायचा असेल, तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

बसवण्याआधी तुळयांना आणि फळ्यांना सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण द्यावे. १० लिटर कोमट पाण्यात सुमारे ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून, हातमोजे घालून, दोन-तीन हात मारावेत. वाळवी आणि बुरशी दोन्हींवर हे चालते, मात्र पावसाने ते धुपून जाते. म्हणून वरून तेलाचे आवरण लागतेच. आमच्याकडे तुळईच्या टोकांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत आहे आणि ती वाईट नाही, फक्त ते तेल कातडी भाजते.

फळ्या निदान २५ मिलिमीटर जाडीच्या असाव्यात आणि खालच्या आधारांमधले अंतर ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. दोन फळ्यांमध्ये ५ मिलिमीटर फट सोडावी. फट न सोडलेली फळ्यांची जमीन पावसाळ्यात फुगून उचलली जाते. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत, आणि समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीचे, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही आणि ऐनासारख्या लाकडावर त्याचे काळे डाग उमटतात. प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडून घ्यावे. सज्ज्याला बाहेरच्या बाजूला मीटरमागे १ सेंटिमीटर उतार द्यावा.

व्हार्निशचा मोह टाळावा. उन्हापावसात त्याचा पापुद्रा सुटतो आणि पाणी त्याखाली अडकते. त्यापेक्षा उकळलेले जवसाचे तेल थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करावे, पातळ हात मारून जास्तीचे पुसून घ्यावे आणि दरवर्षी पुन्हा द्यावे. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

जुना कठडा बहुधा ठेंगणा असतो, कारण तो टेकून बसण्यासाठी केलेला असे. घरात लहान मुले असतील तर तो मोडण्याऐवजी त्याच्यावर एक आडवा दांडा बसवून उंची किमान १ मीटर करावी आणि गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावी. आपल्या आजोबांनी केलेले कातीव गज तसेच राहू शकतात.

हे सारे दिवाळी ते शिमगा या काळात उरकावे. पहिला जोरदार पाऊस आला की टॉर्च आणि खडू घेऊन सज्ज्याखाली उभे राहावे, आणि तुळई जिथे ओली दिसेल तिथे खूण करून ठेवावी. चार दिवसांनी उघडीप मिळाल्यावरही ती जागा ओलीच असेल, तर वर कौलांत अजून एक फट राहिलेली आहे.