रेडियन काहून शिकायचं: २० मीटर तार आणि माझा फसलेला हॉपर

अकरावीत रेडियन, म्हणजे कोन मोजायचं डिग्रीसारखंच दुसरं माप, आलं तेव्हा वाटलं, ३६० डिग्री चांगले चालू होते ना बे, हे नवीन कशाला. पाय (π) रेडियन म्हणजे १८० डिग्री, एवढं पाठ केलं आन् पुढे गेलो. बारावीत क्लासमध्ये २०१७ च्या जेईई मेनचं गणित दिलं, २० मीटर तारेनं सेक्टरच्या, म्हणजे गोलाच्या फोडीच्या, आकाराच्या फुलांच्या वाफ्याला कुंपण घालायचं, जास्तीत जास्त क्षेत्रफळ किती, आणि मी कोन थीटा डिग्रीत धरून पाय भागिले १८० घेऊन पानभर फिरत बसलो.

रेडियनमध्ये कंस म्हणजे आर थीटा, त्रिज्या गुणिले कोन, बस, व्याख्याच ती. तार लागते दोन त्रिज्यांना आणि कंसाला, म्हणून २ आर + आर थीटा = २०. क्षेत्रफळ अर्धा आर वर्ग थीटा, त्यात आर थीटाच्या जागी २० − २ आर टाकलं की थीटा उडतो, उरतं आर × (१० − आर). डेरिव्हेटिव्ह शून्य, आर ५, उत्तर २५ चौरस मीटर. थीटा येतो २ रेडियन, म्हणजे ११४.६ डिग्रीच्या आसपास, आणि तार २० असो का २००, थीटा २ च. डिग्रीत हे कधी डोळ्यात भरलंच नसतं.

इथे पोट्टे हमखास विचारतात, पूर्ण गोल केला तर ३१.८ येते, मग २५ मॅक्सिमम कसं? अरे, गोलाला त्या दोन सरळ बाजू नाहीत ना! उलट घराच्या दोन भिंतींचा काटकोन फुकट मिळाला तर तार फक्त कंसाला, त्याच २० मीटरमध्ये १२७ चौरस मीटर. म्हणून आधी आकृती काढा, तार जिथे लागते तिथे पेन्सिल फिरवा, मग सूत्र.

हे सगळं येत असूनही नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत ट्रेनिंगला माती खाल्ली. शंकूच्या आकाराचा हॉपर, म्हणजे माल ओतायचं मोठं नरसाळं, करायचा होता, तोंडाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, उंची ४००, खालचं टोक नंतर छाटायचं. पत्र्यातून सेक्टर कापून वळवायचा. सेक्टरची त्रिज्या म्हणजे तिरकी उंची, ५००, आणि मी घेतली सरळ उंची ४००, कोन काढला २७० डिग्री. वळवल्यावर तोंड बरोबर ३०० आलं म्हणून मी खूश, पण उंची भरली २६५. फोरमन काका म्हणाले, "काय गा, हॉपर सांगतला होता, तू त टोपलं केलं!" पत्रा भंगारात.

मग त्यांनी करून दाखवलं. ५०० ची त्रिज्या मारली आणि कोन मोजलाच नाही, कडेवर टेप वाकवून १८८५ मिलिमीटरवर, म्हणजे तोंडाच्या घेराएवढ्या कंसावर, खूण केली. १८८५ भागिले ५००, तेच ३.७७ रेडियन, तेच २१६ डिग्री. दहावी न झालेला माणूस रोज रेडियनमध्ये काम करत होता आणि मी डिग्रीत चुकत होतो.

एक्सेलमध्ये साइन, कोसाइनला कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो, तिथे ३० टाकून ०.५ ची वाट पाहू नका.

एक गणित घरी करा. गोल कागदातून सेक्टर कापून उरलेल्याचा शंकू केला तर सगळ्यात जास्त माल कधी मावतो? उरलेला कोन साधारण २९४ डिग्री असताना, आणि तो शंकू पसरट, बशीसारखा होतो. नागपूरच्या फुटाळा तलावावरचा चणेवाला मात्र पुडा लांब निमुळता वळतो, आणि त्याचं ऑप्टिमायझेशन वेगळंच आहे.