कर्दळ, सांडपाणी आणि अर्धा व्होल्ट

मातीत तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून ‘झाडाची वीज’ दाखवणारे व्हिडिओ आधी विसरा. ती वीज झाडाची नसते, झिजणाऱ्या जस्ताची असते. आपल्याला हवी आहे ती सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंची.

वीस लिटरची बादली घ्या. सांडपाणी नळीने थेट तळाशी सोडा आणि वरच्या भोकातून बाहेर काढा, म्हणजे तळाला हवा लागत नाही. तळाशी खडी, त्यावर कार्बन फेल्टचा (वीज वाहून नेणाऱ्या कार्बनच्या जाड नमद्याचा) तुकडा, पुन्हा खडी, मग कर्दळीचा कंद. सगळ्यात वर दुसरा फेल्ट, अर्धा ओला, अर्धा हवेत. पाणी खडीच्या वर दिसता कामा नये. ठाण्यात डासांना तेवढं पुरतं.

आता तार. इथे मी दोन महिने घालवले. खालच्या फेल्टला घरातली तांब्याची वायर बांधली, तर पहिल्याच संध्याकाळी मीटरवर आकडा आला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलासुद्धा! तीन आठवड्यांनी बादली उपसली तेव्हा वायर हिरवीगार झाली होती आणि हात लावताच तुटली. मी तांबं झिजताना मोजत होतो. वर ते विरघळलेलं तांबं जिवाणूंना विषच.

त्यामुळे पाण्याखाली तांबं नको, जस्ताचा मुलामा दिलेली जीआय तार तर नकोच. वागळे इस्टेटच्या बाजूला वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडून ‘३१६ एल’ या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा बारीक फिलर रॉड (वेल्डिंगची सळई) आणा. तो फेल्टमधून दोन-तीनदा ओवून घट्ट दाबा, उरलेल्या भागावर प्लॅस्टिकची नळी चढवा आणि वायरचा जोड पाण्याच्या वर ठेवा. दोन्ही फेल्टच्या तारांमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर लावा आणि व्होल्ट त्याच्यावरच मोजा. पहिल्याच दिवशी मोठा आकडा दिसला तर खूश होऊ नका, कुठेतरी धातू झिजतोय. जिवाणूंना फेल्टवर वस्ती करायला दोन-तीन आठवडे लागतात.

विरजण म्हणून तांब्याभर पातळ शेणकाला. रोजचं खाणं म्हणजे तांदूळ धुतलेलं आणि भांड्यांचं पाणी, फडक्याने गाळून. तेलकट पाण्याने खडी तुंबते. तळाचे जिवाणू त्यातली घाण खाऊन इलेक्ट्रॉन फेल्टवर सोडतात, ते तारेने वर जातात आणि हवेतल्या ऑक्सिजनला मिळतात. बाहेर पडलेलं पाणी कुंड्यांना घाला, पिऊ नका.

किती वीज? त्या १००० ओहमवर ०.४ व्होल्ट आले तर ०.१६ मिलिवॉट. पाच वॉटचा एक दिवा लावायला अशा ३१ हजार बादल्या लागतील. म्हणून मी दिव्याच्या भानगडीत पडत नाही, आकडा फक्त जिवाणूंची नाडी म्हणून बघतो. मध्यंतरी आईने फरशी पुसलेलं फिनेलचं पाणी ‘घाणच तर आहे’ म्हणून त्यात ओतलं. सकाळी ०.४१ होता, रात्री ०.०६. पुन्हा शेणकाला घालून आकडा जागेवर यायला अकरा दिवस लागले.