आधी पांढरा, मग काळा

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं एकच इंजेक्शन मोल्डिंग मशीन, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारं. पूर्वी ज्याचा फोन आधी, त्याचं काम आधी लावायचो. एकदा काळी झाकणं झाल्यावर लगेच पांढरे डबे घेतले. दीड तास नुसता प्लास्टिकचा दाणा ओतून बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळतं ती नळी, साफ करत बसलो, तरी डब्यांवर करडे पट्टे येतच होते.

तेव्हापासून वहीत तक्ता ठेवलाय. आडव्या ओळीला आत्ताचा रंग, उभ्या रकान्याला पुढचा, चौकटीत रंग बदलायला लागलेली, घड्याळ लावून मोजलेली मिनिटं. आमच्याकडे पांढऱ्यावरून पिवळा १५, पिवळ्यावरून लाल २०, लालवरून काळा १५. आणि काळ्यावरून पांढरा ९०! जाताना आणि येताना सारखा वेळ लागत नाही, म्हणून दोन्ही चौकटी वेगळ्या भरा. साचा बदलणार असेल तर तोही वेळ त्यातच धरा.

मग क्रम. ५ कामांचे १२० क्रम होतात, १० कामांचे ३६,२८,८००. वहीवर कोण तपासणार? मशीनमध्ये आत्ता जो रंग आहे तिथून सुरू करा आणि दर वेळी सर्वांत कमी मिनिटांचं काम उचला. यात एक गोम आहे: स्वस्तातले बदल आधी संपतात आणि ९० चा शेवटी गळ्यात पडतो. म्हणून दोन-दोन कामांची अदलाबदल करून सगळ्या मिनिटांची पुन्हा बेरीज मारा. कमी आली तर तोच क्रम ठेवा.

मिरजेच्या गिऱ्हाइकाला गुरुवारी माल हवा असला की मात्र मी बेरीज बाजूला ठेवतो. त्याचे पांढरे डबे आधी, मग बाकीचं.