जुन्या गाडीत ब्रेक ऑइल कोणतं घालावं?

गाडी जुनी दिसली की काउंटरवर दोनच सल्ले मिळतात. एक, "कुठलं पण टाका, काय होत नाही." दुसरा, "मोठ्या नंबरचं घ्या, भारी असतंय." दोन्ही सोडून द्या आणि बॉनेट उघडा.

मास्टर सिलिंडरवरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागावरच्या) ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण आधी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, म्हणजे उघडताना धूळ आत पडणार नाही. झाकणावर बहुतेक वेळा डॉट 3 किंवा डॉट 4 असा ऑइलचा नंबर कोरलेला असतो. अक्षरं झिजली असतील तर गाडीचं मॅन्युअल बघा. तेच उत्तर.

हे नंबर ऑइलच्या उकळण्याच्या तापमानाच्या दर्जाचे आहेत. ताजं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट 4 किमान 230 पर्यंत. पण दोन्ही हवेतला दमटपणा शोषतात. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 आणि 155 वर येते. तुळजापूरचं दर्शन करून भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबूनच ठेवला, तर लायनरची (चाकात घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीची) उष्णता थेट व्हील सिलिंडरमधल्या, म्हणजे ती पट्टी दाबणाऱ्या भागातल्या ऑइलपर्यंत जाते. ते उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल सरळ खाली जातं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाला दोष देऊ नका. खरा घोटाळा मुरलेल्या पाण्याचा असतो. म्हणून नंबर बरोबर असला तरी ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचंच.

डॉट 3 लिहिलेल्या गाडीत डॉट 4 चालतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात. डॉट 4 च्या गाडीत मात्र डॉट 3 घालू नका. डॉट 5 सिलिकॉनचं, सहसा जांभळट. ते या दोन्हींत मिसळायचं नाही. डॉट 5.1 नावाने त्याचा भाऊ वाटतो, पण जातीने डॉट 4 कडचाच. साध्या जुन्या गाडीला त्यासाठी जास्त पैसे घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल थेंबभरही नको, आतले रबरी वायसर फुगून ब्रेक जाम होतात.

बाटली लहान आणि सीलबंद घ्या. गॅरेजच्या फळीवर कधीची उघडी पडलेली अर्धी बाटली फुकट मिळाली तरी नको.

लेव्हल कमी दिसली की लगेच भरू नका. लायनर किंवा पॅड झिजले की ती हळूहळू उतरतेच. झपाट्याने उतरत असेल तर चाकांच्या आतली बाजू बघा. तिथे ओल असेल तर आधी व्हील सिलिंडरचं किट (आतले रबरी भाग) बदलायचं, ऑइल नंतर.

ऑइल बदलताना एअर (पाइपात अडकलेली हवा) काढण्याचा अनुभव नसेल तर काम मिस्त्रीकडेच द्या. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीगणिक बदलतं आणि जुन्या गाडीचे गंजलेले निपल (हवा काढायचे चाकाजवळचे छोटे स्क्रू) घाईत हमखास तुटतात. आदल्या दिवशी त्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारायला सांगा. तुमचं काम डबीवर लक्ष ठेवायचं: ती मध्येच रिकामी झाली तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. रंगावर ऑइल सांडलं तर नुसतं पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतो. पेडल टणक लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.