बायरॅड्स ०, ३ की ४? मॅमोग्राफीचा अस्पष्ट रिपोर्ट कसा समजून घ्यावा

आमच्या आत्याच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर शेवटी ‘बायरॅड्स ०’ असं लिहिलं होतं. शून्य म्हणजे काही नाही, असं समजून घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि रिपोर्ट कपाटात गेला. चार महिन्यांनी फॅमिली डॉक्टरांच्या नजरेस तो पडला, तेव्हा कळलं की तपासणी अर्धवटच राहिली होती. पुढे सोनोग्राफीत साधी पाण्याची गाठ निघाली, पण वाया गेलेल्या त्या चार महिन्यांची रुखरुख मला अजून आहे. याच्या अगदी उलट शेजारच्या काकूंचं झालं. त्यांच्या रिपोर्टवर ‘४’ होता आणि तो आकडा त्यांनी चौथी स्टेज समजून दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. दोन्ही घरांत शिकलेली माणसं आहेत. पण हे रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेले असतात, म्हणून असे घोटाळे होतात.

आधी शेवटचा परिच्छेद शोधा

रिपोर्टच्या तळाशी ‘इंप्रेशन’ असा मथळा असतो. तिथे बायरॅड्सचा आकडा सापडेल. ही अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजची पद्धत असून आपल्याकडचे रेडिओलॉजिस्टही तीच वापरतात. आकडे ० ते ६ असतात. त्यांचा स्टेजशी काहीही संबंध नाही. स्टेज ठरते ती कॅन्सर सिद्ध झाल्यावर. हा आकडा फक्त दोन गोष्टी सांगतो: संशय किती आहे आणि पुढे काय करायचं.

१ म्हणजे काही आढळलं नाही, २ म्हणजे जे दिसतं ते निरुपद्रवी आहे. ५ म्हणजे कॅन्सरची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासल्याने, कॅन्सरचं निदान आधीच झालेलं असेल तर ६ लिहितात. गोंधळ होतो तो ०, ३ आणि ४ यांचा.

० आला तर: तपासणी पूर्ण करून घ्या

शून्याचा अर्थ एवढाच, की आत्ताच्या फिल्मवरून मत देता येत नाही. बऱ्याचदा स्तनातल्या ऊती एकावर एक आल्यामुळे सावली पडते. ती खरी आहे की भास, हे बघण्यासाठी तेवढाच भाग दाबून पुन्हा फोटो काढतात किंवा सोनोग्राफी करतात. काही वेळा फक्त जुन्या फिल्म हव्या असतात. तीच सावली तीन वर्षांपूर्वीही तशीच असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. काखेत लावलेली पावडर किंवा डिओडरंटसुद्धा फिल्मवर कॅल्शियमच्या कणांसारखे दिसू शकतात, म्हणून तपासणीच्या दिवशी दोन्ही टाळा.

अमेरिकेत कुठलीही तक्रार नसताना तपासणी करून घेणाऱ्या ज्या बायकांना असं परत बोलावतात, त्यांच्यातल्या दहांमागे एकीपेक्षाही कमी जणींना कॅन्सर निघतो. आपल्याकडे मात्र बहुतेक जणी गाठ लागल्यावरच मॅमोग्राफीला जातात, म्हणून त्या आकड्यावर विसंबून राहू नका. शून्य आला की त्याच आठवड्यात पुढची तारीख घ्या.

‘डेन्स’ हा शब्द दिसला तर

स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असतील तर फिल्म पांढरी दिसते. गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती झाकली जाऊ शकते. रिपोर्टमध्ये ए ते डी अशी प्रत असते. सी आणि डी म्हणजे दाट. हा आजार नाही, चाळिशीच्या आतबाहेरच्या बायकांमध्ये तर अगदी सर्रास आढळतो. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षं कमी वयात होतो, म्हणून आपल्यासाठी ही ओळ महत्त्वाची आहे. ‘मला सोनोग्राफीची गरज आहे का?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

३ आला तर: तारीख लिहून ठेवा

इथे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसते. लगेच सुई घालण्याऐवजी पहिल्या तपासणीपासून सहा महिन्यांनी पुन्हा बघतात, मग वर्ष झाल्यावर, मग दोन वर्षं झाल्यावर. बदल झाला नाही तर आकडा २ वर येतो. धोका कमी असला तरी ही वाट बघणं हाच उपचाराचा भाग आहे, आणि नेमका तोच आपण चुकवतो. मुलीचं लग्न, दिवाळी, सासूबाईंचं ऑपरेशन, काहीतरी आडवं येतंच. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती आजच गोल करा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

४ आला तर: बायोप्सीला घाबरू नका

चारचा पल्ला फार मोठा आहे, २ टक्क्यांपासून ९५ पर्यंत. म्हणून त्याचे भाग केलेत: ४ए म्हणजे २ ते १० टक्के, ४बी १० ते ५०, ४सी ५० ते ९५. नुसता ‘४’ लिहिला असेल तर यातला कोणता, हे विचारून घ्या. काकूंचा ४ए होता. म्हणजे तसे रिपोर्ट आलेल्या शंभर जणींपैकी नव्वद किंवा त्याहून जास्त जणींना कॅन्सर नसतो. तरीही तुकडा तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. ती खोटी आहे, आणि तिच्यापायी अनेक बायका उशिरा येतात. ट्रू-कट बायोप्सीत जागा बधिर करून जाड सुईने मांसाचे बारीक तुकडे काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. कोणी ‘गाठ थेट काढूनच टाकू, मग बघू’ म्हणालं तर सुईची बायोप्सी आधी का नको, हे जरूर विचारा. कॅन्सर निघालाच, तर शस्त्रक्रिया आधीच नीट आखता येते.

बायोप्सी निगेटिव्ह आली तरी एक प्रश्न उरतो

फिल्मवर जे दिसलं आणि सुईत जे आलं, ते एकमेकांशी जुळतं का? चित्र फार संशयास्पद आणि तुकडा अगदी निर्दोष असेल, तर सुई नेमक्या जागी लागली नसेल अशीही शक्यता असते. मग बायोप्सी पुन्हा करावी लागते. ‘एटिपिया’ (पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणं) हा शब्द असेल तर तो कॅन्सर नव्हे, पण सर्जनला भेटल्याशिवाय फाइल मिटू नका.

रिपोर्ट नॉर्मल, पण हाताला गाठ लागते?

मग हातावर विश्वास ठेवा. नॉर्मल मॅमोग्राफीने हाताला लागणारी गाठ रद्द होत नाही. त्वचेला खळी पडणं, निप्पल आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ स्राव येणं, यांचंही तसंच. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत होत्या. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

फाइल

आपल्याकडे फिल्म रुग्णाच्याच ताब्यात असतात. सगळ्या वर्षांच्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट एका पिशवीत, तारखेनुसार ठेवा. दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदावरचा बायोप्सी रिपोर्ट पुरत नाही. प्रयोगशाळेतून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा. तो उन्हात किंवा गाडीत राहू देऊ नका, उष्णतेने मेण वितळतं.