क्षेत्रीय कार्यालयात आपली मागणी आपणच मांडताना

पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दिव्यांग स्त्री अर्ज घेऊन गेली की टेबलापलीकडचा माणूस बहुधा तिच्याशी बोलतच नाही. ‘यांचं काय काम आहे?’ असे तो सोबत आलेल्या भावाला विचारतो, आणि भाऊही सवयीने उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून पहिली तयारी घरातच करावी. सोबत येणाऱ्याने रिक्षा थांबवावी, कागद धरावेत, पण बोलू नये, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे. कर्णबधिर मैत्रिणीसोबत सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल, तर अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहून बोलावे, असे सुरुवातीलाच सांगावे.

मागणी घेऊन जाणाऱ्या गटात चार-पाच जणी पुरेत; मात्र सगळ्यांचे अपंगत्व एकाच प्रकारचे नसावे, कारण व्हीलचेअर जिथे अडते तिथे अंध मैत्रीण सहज पुढे जाते आणि ती जिथे अडखळते ते खुर्चीवरचीला दिसतही नाही. रिक्षाभाडे सामायिक खर्चातून द्यावे, नाहीतर जिचा प्रवास सर्वांत अवघड, तीच आधी गळते.

पहिली मागणी एकच असावी आणि ती मोजता यावी. ‘स्त्रियांना सुविधा द्याव्यात’ असा अर्ज फायलीत जाऊन पडतो. त्याऐवजी प्रभागातले एक सार्वजनिक स्वच्छतागृह निवडून मोजपट्टी घेऊन जावे. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर आहे का, खुर्ची वळवायला आत दीड मीटरची जागा आहे का, बसल्या जागेवरून कडी लावता येते का, हे पाहावे. रॅम्पच्या उताराचे प्रमाण 1:12 हवे, एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. म्हणजे चौथरा 45 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब हवा. दीड मीटरात उरकलेल्या रॅम्पवर खुर्ची ढकलणाऱ्याचीही दमछाक होते. राखीव खोलीला कुलूप, आत झाडू-बादल्या आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही, असे आढळल्यास फोटो घ्यावा. कुलूप काढायला निधी लागत नाही, त्यामुळे पहिले यश बहुधा इथेच मिळते.

अर्ज महापालिका सहायक आयुक्तांच्या नावे दोन प्रतींत करावा आणि आवक क्रमांकासह शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘साहेब आले की देतो’ हे उत्तर मुळीच मान्य करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 45 नुसार जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली, हे अर्जात लिहावे. दाद लागली नाही, तर पुढची पायरी दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांची, आणि त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. नंदुरबारच्या बाईला जिथे यायला रात्रभर प्रवास करावा लागतो, तिथे आपण शहर बसने पोचतो.

विकास योजनांतील 5 टक्के आरक्षणात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य द्यावे, असे कलम 37 सांगते. ते प्रत्यक्षात किती जणींना मिळाले, हे 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारावे. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. ते उत्तर घेऊन जाताना बोलण्याची पाळी दुसरीची असावी, आणि आधी बोललेली शेजारी बसून टिपणे घेईल.